दुनळी जड आहे, पण नेमकी कुठे जड आहे?

कोकणात दुनळीविषयी, म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या असलेल्या छऱ्यांच्या बंदुकीविषयी, दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. "लांब नळयेचो बार लांब जाता" हे एक, आणि "जड आसा म्हणजे दणकट आसा" हे दुसरे. पहिले ठासणीच्या आणि काळ्या दारूच्या जमान्यातले आहे. दुसऱ्यात थोडे तथ्य आहे, पण नवख्याला त्याचा उपयोग नाही. बंदुकीचे वजन कुठे साठले आहे, यावर तिचे हातातले वागणे ठरते. काट्यावर दोन्ही ३ किलो भरणाऱ्या दोन दुनळ्या घ्या. एक आपसूक खांद्याला येईल आणि दुसरी ढकलत न्यावी लागेल. असे का होते, ते घरच्या घरी कसे ओळखायचे आणि त्यावर काय करायचे, हे इथे क्रमाने सांगतो. काजू-आंब्याच्या बागेसाठी शेतसंरक्षणाचा परवाना काढलेले, आजोबांची बारा बोर (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) वारसाने नावावर करून घेतलेले, किंवा हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी शिकू पाहणारे, असे वाचक डोळ्यांसमोर आहेत.

सुरुवातीलाच कायद्याचे दोन शब्द. बंदूक तुमच्या नावावर चढेपर्यंत ती सरावाला घ्यायची नाही. परवानाधारक वारले असतील तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाचा अर्ज करायचा. दुसरे म्हणजे, परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. बागेत रानडुकराने किंवा वानरांनी कितीही उच्छाद मांडला तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असतो, आणि वनखात्याच्या परवानगीचा रस्ता वेगळा आहे. त्यामुळे खालचा सगळा सराव भिंतीच्या रेषेवर (तोही बार न काढता), कागदावर आणि तबकड्यांवर करायचा आहे.

पायरी १: मोकळी करा, आणि बोटाने तपासा

उघडायचा खटका (चाप नव्हे) बाजूला सारून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीतून उघडा. काडतुसाची दोन्ही घरे डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. संध्याकाळच्या उजेडात काडतुसाचे पितळी बूड आणि रिकामे घर यांत गल्लत होते. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. जुनी बाहेरच्या घोड्यांची (चाप ओढल्यावर आदळणाऱ्या ठोक्यांची) दुनळी असेल तर घोडे उतरलेले आहेत ना, तेही पाहा. नळ्यांचे तोंड माणसांकडे, गुरांकडे किंवा पातळ कुडाच्या भिंतीकडे नको. बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली असली तरीही नको.

पायरी २: वजन घ्या, पण तुकड्यांत

सामान किंवा मासे तोलायचा लटकता डिजिटल काटा चालेल. दुनळी तीन तुकड्यांत सुटते: नळ्या, नळ्यांखालचे पुढचे लाकूड आणि दस्त्यासकट, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडासकट, मधली यंत्रणा. आधी अख्खी बंदूक तोला, मग नळ्या वेगळ्या, मग दस्त्याचा भाग. तिन्ही आकडे लिहून ठेवा.

इंग्लिश घाटाची, रानात घेऊन फिरायची १२ बोर दुनळी साधारण साडेसहा पौंडांची, म्हणजे २.९५ किलोची असते. २.८ ते ३.१ किलोमध्ये असलेली बंदूक या जातीतली समजा. ३.३ किलोच्या पुढे गेली की ती जड. २० बोर अडीच ते पावणेतीन किलोत बसते. २८ इंची नळ्यांची जोडी १.३ ते १.५ किलो भरते, म्हणजे एकूण वजनाच्या निम्म्याहून थोडी कमी. नळ्या निम्म्यावर गेल्या तर बंदूक तोंडाला जड असणार, हे न उचलताही सांगता येते.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. नळ्या अपेक्षेपेक्षा फारच हलक्या भरल्या तर खूश होऊ नका. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी नळ्यांना आतून-बाहेरून गंज लागतो. मग कुणीतरी तो घासून काढतो, वीस वर्षांनी पुन्हा दुसरा घासतो. दर वेळी नळीची भिंत थोडी पातळ होते. अशी बंदूक हातात चपळ वाटते, घेणारा म्हणतो "काय सुरेख फिरते", आणि ती सुरेख फिरण्याचे कारण गायब झालेले पोलाद असते. १२ बोरच्या नळीची भिंत पुढच्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर परवानाधारक कारागिराकडून मापून घेतल्याशिवाय त्यातून एकही बार काढू नका. हे माप डोळ्यांनी कळत नाही, त्याला भिंतीची जाडी मोजायचे खास साधन लागते. जुन्या बंदुकीवर पट्टेदार नक्षी दिसली, म्हणजे पिळाच्या लोखंडाच्या नळ्या असल्या, तर ही तपासणी आणखीच महत्त्वाची.

दस्त्याचाही असाच इतिहास असतो. मूळ दस्ता अक्रोडाचा असतो. तो तडकला की गावातला सुतार हाताशी असलेल्या शिसवीचा करून देतो. काम देखणे होते, पण शिसवी अक्रोडापेक्षा बरीच जड, आणि मागच्या बाजूला दीड-दोनशे ग्रॅम सहज वाढतात. बंदूक दस्त्याला जड होते, तोंड वर उचलल्यासारखे हलके वाटते आणि नेम धरताना ते थरथरत राहते.

पायरी ३: तोल शोधा

लाटण्याला फडके गुंडाळून टेबलावर ठेवा. जोडलेली रिकामी बंदूक त्यावर आडवी ठेवून पुढेमागे सरकवा. ती जिथे दोन्हीकडे झुकायची थांबते तिथे खडूची खूण करा. मग त्या खुणेपासून बिजागरीच्या खिळीपर्यंतचे अंतर मोजा.

तोल खिळीवर किंवा तिच्या एक-दीड सेंटिमीटर पुढेमागे आला तर उत्तम. पुढे तीन सेंटिमीटर गेला तर बंदूक तोंडाला जड. हलत्या तबकडीमागे ती छान वाहते, पण अचानक उचलायला आळशी. तोल मागे गेला तर बंदूक झटकन वर येते आणि तितक्याच झटकन भरकटते. नवख्याला मागे तोल असलेली बंदूक दुकानात फार आवडते, कारण उचलताना ती हलकी भासते. पहिली दुनळी घेताना याच मोहापासून लांब राहा. तोल खिळीच्या किंचित पुढे असलेली बंदूक शिकाऊ हाताला सांभाळून घेते.

पायरी ४: फिरवून बघा, कारण तोल अर्धीच गोष्ट सांगतो

बहुतेक जण तिसऱ्या पायरीवर थांबतात, आणि खरा फरक इथे आहे.

हापूस उतरवायचा झेला आठवा. रिकाम्या काठीपेक्षा टोकाच्या जाळीत दोन आंबे पडले की तो फिरवायला किती जड होतो! आंब्यांचे वजन फारसे नसते, ते टोकाला असते म्हणून. बंदुकीतही तोलाच्या जागेपासून वजन जितके लांब, तितके फिरवणे कठीण, आणि ते वर्गाच्या हिशेबाने वाढते. अंतर दुप्पट झाले तर तेच १० ग्रॅम फिरायला चौपट विरोध करतात.

म्हणूनच तोल एकाच जागी असलेल्या, सारख्याच वजनाच्या दोन बंदुका वेगळ्या वागू शकतात. एकीचे वजन मधल्या यंत्रणेत, दोन हातांच्या मध्ये गोळा झालेले असते. दुसरीचे वजन टोकाच्या नळीत आणि दस्त्याच्या बुडात वाटलेले असते. पहिली चटकन फिरते आणि चटकन थांबते. दुसरी सुरू व्हायला वेळ घेते, पण एकदा निघाली की सहज वाहते.

घरी बघायचे असेल तर पडवीच्या वाशाला जाड कापडी पट्टीचा फास बांधा. सुंभ नको, नळीवर चरे पडतात. बंदूक खडूच्या खुणेवर त्या फासात आडवी टांगा. ती स्थिर झाली की नळीच्या टोकाला एका बोटाने बाजूला हलका रेटा द्या. बोटाखाली पहिल्या क्षणी जो विरोध लागतो तो ध्यानात घ्या. मग फिरणारे तोंड त्याच बोटाने थांबवून बघा. मित्राची दुनळी त्याच्या समक्ष शेजारी टांगून हेच केले की फरक सांगावा लागत नाही. एक बोटाने सहज थांबते, दुसरी बोटाला पुढे नेते.

हे कळले की एक प्रचलित उपाय किती फसवा आहे तेही कळते. बंदूक तोंडाला जड आहे म्हणून दस्त्याच्या बुडात भोक पाडून शिसे ओततात. लाटण्यावर तोल जागेवर येतो, मालक समाधानी होतो. पण टोकाचे वजन तसेच राहिले, वर बुडाला आणखी वजन आले. बंदूक आता पूर्वीपेक्षा फिरायला जड झाली आणि एकूण वजनही वाढले. तबकड्यांसाठी संथ, वाहती बंदूक हवी असेल तर हे मुद्दाम करतात. चपळ करायची म्हणून शिसे घालणे म्हणजे उलटा धंदा.

नळीची लांबी: किती इंच, आणि कशासाठी

२६, २८, ३० ही दुनळीची नेहमीची मापे. क्वचित ३२ इंचीही सापडते. मोजताना बंदूक मिटवून, नळीच्या मागच्या टोकापासून तोंडापर्यंत मोजा.

लांब नळीने बार लांब जातो का? काळी दारू सावकाश जळायची, तिला लांब नळीचा थोडा फायदा होता. आजच्या धूररहित दारूचे बहुतेक काम नळीच्या पहिल्या भागातच होते. एक इंच नळी वाढली की छऱ्यांचा वेग सेकंदाला ५ ते १० फुटांनी वाढतो, आणि मूळ वेगच १२००-१३०० फुटांचा असतो. २६ आणि ३० इंचांतला फरक कोणत्याही तबकडीला कळणार नाही. छरे किती पसरणार ते नळीच्या तोंडाशी शेवटच्या काही सेंटिमीटरांत असलेला आवळ, म्हणजे चोक, ठरवतो.

मग लांबीने बदलते काय? दोन गोष्टी: फिरणे आणि दिसणे.

फिरण्याचा हिशेब मजेशीर आहे. नळीच्या तोंडाजवळ भिंत साधारण एक मिलिमीटरची धरली, तर दोन्ही नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्या मिळून दोन इंचांचे वजन ५०-६० ग्रॅम येते. हे जवळजवळ एका काडतुसाचे वजन. दोन काडतुसे भरली की १०० ग्रॅमच्या आसपास वाढतात, पण ती खिळीजवळ बसत असल्याने हाताला कळतही नाहीत. त्याच्या निम्मे वजन टोकाला लावले की बंदुकीचा स्वभाव पालटतो.

दिसण्याचा भाग असा. दुनळीत दोन नळ्या शेजारी शेजारी असल्याने डोळ्यांसमोर रुंद पट्टा येतो. लांब नळी त्या पट्ट्याला दिशा देते आणि रेषेत थोडी चूक झाली तर लगेच दाखवते. आखूड नळीत ती चूक झाकली जाते. लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनी १९२० च्या दशकात २५ इंची दुनळीचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हा मधली पट्टी उंच आणि निमुळती ठेवली. हेतू हा, की नळ्या आहेत त्यापेक्षा लांब भासाव्यात. त्या बंदुका झटपट उचलणाऱ्या कसलेल्या हातांत चालल्या. नवख्यांच्या हातात अशी बंदूक लक्ष्यापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. तबकडी पुढे जाते, बार मागे पडतो.

माझे मत विचाराल तर पहिल्या दुनळीला २८ इंच. उंची पाच फूट आठच्या वर असेल आणि मुख्यतः तबकड्यांवर नेम धरायचा असेल तर ३०. काजूच्या बागेत फांद्या कमरेपासून सुरू होतात, गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, चढ-उतर असते. तिथे ३२ इंची नळी सारखी अडकते, आणि अडकलेली नळी भलतीकडे वळते. ही अडचण हाताळणीपेक्षा सुरक्षिततेची आहे. गडगा ओलांडताना बंदूक मोडून, काडतुसे काढूनच ओलांडा.

आणि कृपा करून नळी कापू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे त्यासाठीचा स्वतंत्र परवाना नसताना नळी आखूड करणे गुन्हा आहे. शिवाय तोंडाचा चोक जातो, दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या सुटू लागतात आणि दोन्ही बार एका जागी पडावेत म्हणून कारखान्यात जुळवलेला कोन बिघडतो.

धक्का: हलक्या बंदुकीची किंमत

त्याच काडतुसाला २.७ किलोच्या बंदुकीपेक्षा ३.३ किलोची बंदूक सुमारे १८ टक्के कमी ऊर्जेने मागे येते. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने एक ठोकताळा चालत आला आहे: बंदुकीचे वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. २८ ग्रॅमचे काडतूस असेल तर २.७ किलोची बंदूक पुरते, ३२ ग्रॅमला ३.१ किलो लागते, ३६ ग्रॅमला साडेतीन किलोच्या जवळ. आजोबांच्या २.९ किलोच्या दुनळीत ३६ ग्रॅमचे काडतूस घातल्यावर "खांद्याक लागता" अशी तक्रार येणारच. बंदूक बदलण्याआधी काडतूस बदला. सरावाला २८ ग्रॅम भरपूर झाले.

जुन्या इंग्लिश बंदुकीचे घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असू शकते. काडतुसावर लिहिलेले ७० मिलिमीटर हे ते फुटल्यानंतरचे, उलगडलेले माप असते. त्यामुळे ते काडतूस आखूड घरात निमूट बसते आणि उडताना दाब वाढवते. घराचे माप नळ्यांच्या खालच्या बाजूला कोरलेले असते. ते नसेल किंवा पुसले असेल तर मोजून घ्या.

दुनळीचा धक्का थोडा तिरकाही असतो. उजवी नळी उडाली की तोंड वर आणि उजवीकडे सरते, डावी उडाली की डावीकडे. बंदूक हलकी असेल तर हे सरकणे जास्त जाणवते आणि दुसऱ्या बारासाठी रेषा पुन्हा जुळवायला वेळ जातो. सरळ मुठीच्या हलक्या दुनळीत आणखी एक दुखणे आहे: चापांभोवतीची लोखंडी कडी मागे येऊन मधल्या बोटावर आपटते. बोट सुजले की माणूस चाप ओढताना डोळे मिटू लागतो, आणि ती सवय जाता जात नाही. हाताची पकड किंचित मागे घ्या. त्याने भागले नाही तर कडीच्या मागे छोटी रबरी उशी बसवून घ्या.

पायरी ५: डावा हात सरकवा

बंदुकीत काहीही न बदलता तिचा स्वभाव बदलण्याचा हा फुकटचा उपाय, आणि तो फारसे कुणी सांगत नाही. डावा हात नळीवर पुढे नेला की बंदूक संथ आणि स्थिर होते, मागे आणला की चपळ. (डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.) आखूड नळीची, सतत भरकटणारी बंदूक असेल तर हात तीन-चार सेंटिमीटर पुढे न्या. लांब नळीची आळशी बंदूक असेल तर थोडा मागे घ्या.

जुन्या दुनळीत पुढचे लाकूड अगदी बारीक असते. ते हाताने धरण्यासाठी नसून नळ्या जागेवर ठेवण्यासाठी असते. हात त्याच्या पुढे, नळ्यांवरच येतो. दहा-बारा बार लागोपाठ काढले की नळ्या चटका देतात. नळीवर चढवायचा चामडी पट्टा मिळतो, नाहीतर पातळ चामडी हातमोजा चालतो. घामाचा हात नळीवर पडला की त्याच रात्री पुसून तेलाचे फडके फिरवा. कोकणात सकाळपर्यंत बोटांचे ठसे तांबूस उमटलेले असतात. तेल दिल्यावर बंदूक तोंड खाली करून ठेवली तर तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

पायरी ६: दस्त्याची लांबी कपड्यावर बघा

पुढच्या चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंत साडेचौदा इंच हे इंग्लिश बंदुकांचे सर्वसाधारण माप. ते जाड कोट घालणाऱ्यांसाठी ठरले. आपण पातळ सुती शर्टात असतो, त्यामुळे तोच दस्ता आपल्याला थोडा आखूड भासतो. मात्र उंची बेताची असेल तर उलटे होते: बुड काखेत अडकते. दस्ता लांब पडला की बंदूक पुढे ढकलली जाते, वजन शरीरापासून लांब जाते आणि माणूस "नळी जड आहे" म्हणतो. नळीला दोष देण्यापूर्वी दस्ता तपासा. पावसात रेनकोट घालून पुन्हा बघा.

पायरी ७: भिंतीच्या रेषेवर सराव

दोन्ही घरांत नकली, म्हणजे दारू-छरे नसलेली सरावाची, काडतुसे घाला. खोलीत भिंत आणि छत जिथे मिळतात त्या आडव्या रेषेकडे बघा, बंदुकीकडे नको. तोंड रेषेच्या डाव्या टोकाला ठेवा, रेषेवरून उजवीकडे न्यायला लागा आणि नेता नेता दस्ता गालाला आणा, मग खांद्याला. गाल खाली वाकवायचा नाही, लाकूड वर आणायचे. हात दमला की थांबा. दमल्यावर केलेला सराव चुकीचाच मुरतो.

तोंड रेषेच्या वरखाली डगमगत असेल तर बंदूक तुमच्यासाठी टोकाला हलकी आहे किंवा हात फार मागे आहे. तोंड मागे रेंगाळून शेवटी झटका घेत असेल तर टोकाला जड आहे. हे तुमच्या हाताचे म्हणणे, लाटण्याचे नव्हे. तेव्हा दोघांचे म्हणणे वेगळे पडले तर हाताचे ऐका.

पायरी ८: कागदावर दोन बार

रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखाली, पाठीमागे मातीचा भक्कम बांध असलेल्या जागी मोठा कागद लावा. छरे काही शे मीटर जातात, त्यामुळे बागेच्या कोपऱ्यात हे करायचे नाही. मध्यभागी ठिपका काढा. ३० ते ३५ मीटरवरून पुढच्या चापाने उजवी नळी उडवा, कागद बदला, मागच्या चापाने डावी उडवा. नेम रोखून बसू नका, बंदूक सहज खांद्याला आणून लगेच बार काढा.

दोन्ही वर्तुळे ठिपक्याच्या एकाच बाजूला सरकली तर दस्त्याचे बसणे तपासा. उजवी उजवीकडे आणि डावी डावीकडे गेली तर २८ ग्रॅमच्या जागी ३२ ग्रॅमचे किंवा उलट काडतूस घालून पुन्हा बघा, कारण दोन्ही नळ्यांची जुळवणी ठराविक काडतुसासाठी केलेली असते. घराच्या मापाचेच, पण वेगळ्या बनावटीचे काडतूसही आजमावून पाहा. तरीही फरक राहिला तर बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्या, आणि जाताना दोन्ही कागद, लिहून ठेवलेले तिन्ही वजनांचे आकडे आणि तोलाचे माप सोबत घ्या.